बाईकला पंख कशाला? २०२७ च्या नियमांची कात्री अजून खोल चालायला हवी होती

वळणवेडा:
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली व्हेटेलने फॉर्म्युला वनची पोल (पहिल्या जागेसाठीची सर्वात वेगवान फेरी) १ मिनिट २४.१ सेकंदांत घेतली. २०२३ ला तिथेच मोटोजीपी, म्हणजे बाईकची जागतिक शर्यत आली, बेझेक्कीची पोल १ मिनिट ४३.९. ट्रॅक बाईकसाठी थोडा बदलला होता, तरी जवळजवळ २० सेकंदांचा फरक! आणि सरळ रस्त्यावर बाईक मुळीच लेचीपेची नाही. इटलीतल्या मुजेलोला २०२३ मध्ये ब्रॅड बिंडरने ताशी ३६६ किमी गाठले होते. म्हणजे हे २० सेकंद जातात वळणांत आणि ब्रेकवर.

कारण उघड आहे. दोनशेच्या पुढे हवा फॉर्म्युला वनच्या गाडीला तिच्या वजनाहून जास्त जोराने खाली दाबते. चार रुंद टायर तो भार पेलतात आणि गाडी वजनाच्या चार-पाचपट जोराने वळते. बाईक ६० अंश झोपवली तरी हा आकडा १.७ पटीच्या आसपास. मग मोटोजीपीच्या बाईकला हवेने खाली दाबणारे हे छोटे पंख लावून मिळवलं काय? झोपलेल्या बाईकवरचा पंख सरळ खाली दाबतच नाही, बाईकच्या उभ्या रेषेत दाबतो. १०० किलोचा जोर धरा: ६० अंशांत जमिनीकडे जातो ५०, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ८७! बाईकला वळणाबाहेर ढकलायला आपण पैसे मोजतोय.

मोटोजीपीत २०२७ पासून इंजिन ८५० सीसी, उंची खालीवर करणारी यंत्रं बंद, पुढचा फेअरिंग (बाईकचं बाहेरचं कवच) ५० मिमी अरुंद. माझ्या मते पंख पूर्णच काढायला हवे होते.

टायरमामा:
हिशेब अर्धाच मांडलात राव. ते ५० किलो टायरवर पडले की पकडही वाढते की नाही? बाईक ६० अंशांवर तोल धरून आहे, म्हणजे टायर भाराच्या १.७ पट बाजूचा जोर देतोय. ५० गुणिले १.७ किती झाले? तुमचे ८७ फिटले! मर्यादेवर पंख ना मदत करतो, ना नुकसान.

वळणवेडा:
कागदावर फिटले. पण टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे तोटाच. शिवाय टायर तापतो तो वेगळाच.

टायरमामा:
हे मान्य. पण पंख वळणाच्या मध्यासाठी लावलेच नव्हते हो. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की पुढचं चाक उचलतं, मग इलेक्ट्रॉनिक्स ताकद कापतं. डुकाटीने २०१५-१६ ला पंख आणले ते हे चाक खाली ठेवायला. २०१७ पासून बाहेर आलेल्या पंखांवर बंदी आली, तर सगळ्यांनी ते फेअरिंगच्या पोटात घातले. ब्रेकवर उलटं होतं, मागचं चाक उचलू पाहतं. २०२२ ला डुकाटीच्या शेपटीवर काट्यांसारखे पंख उगवले ते उगीच नाहीत. कारला हा प्रश्नच नाही, ती बसकी आणि लांब.

स्लिपस्ट्रीम_ठाणे:
दोघेही एकट्या बाईकबद्दल बोलताय. घोळक्यात काय होतं ते बघा. कारमध्ये पुढच्याने ढवळलेल्या हवेत मागच्याची पकड जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. बाईकवर त्यात भर म्हणून पुढचा टायर तापतो, दाब चढतो आणि ब्रेकवर हँडल हलकं पडतं. दाबाला खालची मर्यादा आहे, तिच्याखाली गेलात तर दंड. त्यामुळे एकटे पळणार की घोळक्यात हे धरून दाब किती ठेवायचा, याचा जुगार रेसच्या आधीच खेळावा लागतो. ओव्हरटेक कमी झाले याचा दोष मी पंखांना देतो. वळणवेडाच्या बाजूने माझं मत. कारण मात्र वेगळं.

अर्धा_लिटर:
मी पंखांच्या बाजूने. ३०० च्या वर पुढचं चाक हलकं झालेली बाईक म्हणजे काय, हे टीव्हीवर दिसत नाही. पंख काढले की अपघात कमी होतील असं समजू नका. आणि एप्रिलियाने फेअरिंगच्या बाजू फुगवल्यात त्याचं काय? बाईक झोपली की तो भाग जमिनीजवळ येतो आणि तिथे हवा ओढली जाते. हा जोर झोपल्यावरच कामाला लागतो. तुमचं ८७ चं गणित इथे कसं बसवणार?

वळणवेडा:
तिथे नाही बसत. पण हे तर फॉर्म्युला वनचंच जमिनीचं शोषण झालं. मग बाईक बघायची कशाला?

टायरमामा:
कारण स्वार अजून अंग बाहेर टाकून कोपर घासतो! कारमध्ये ड्रायव्हरने मान हलवली तरी गाडीला फरक पडत नाही.

घाटातला_गणू:
एक शंका. माझ्या ३९० बाईकला ऑनलाइन मागवलेले चिकट पंख लावलेत. ताम्हिणीत फरक जाणवतो असं वाटतं…

टायरमामा:
गणूभाऊ, हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३०० ला जे मिळतं त्याचा पंचविसावा भाग ६० ला, तोही खऱ्या मोटोजीपी पंखाचा. तुम्हाला जाणवतंय ते दोन्ही बाजूंचा चिकटपट्टा सारखा न बसल्याने असेल. त्यापेक्षा टायरचा दाब मोजलात का?

घाटातला_गणू:
गेल्या दिवाळीत मोजला होता.