कॅलिफोर्नियात ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणण्याआधी न्यायाधीशांनी आरोपीला काय समजावून सांगायचे असते?

मुक्काम_पुणे (प्रश्न):
माझा पुतण्या कॅलिफोर्नियात एम.एस. करतो. त्याच्या गाडीची दुसऱ्या गाडीला धडक बसून एका बाईंना दुखापत झाली आणि त्याच्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा, मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा) दर्जाचा, खटला दाखल झाला आहे. वकिलांनी त्याला ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणण्याचा सल्ला दिला आहे. आपण गुन्हा कबूलही करत नाही आणि नाकारतही नाही, तेव्हा नावावर काही लागणार नाही, अशी त्याची समजूत आहे. मला हे जरा जास्तच सोयीचे वाटते. या शब्दांचा खरा परिणाम त्याला सांगणे न्यायालयावर बंधनकारक आहे का, की ते सगळे वकिलांवरच सोडलेले असते?

सनीव्हेलकर:
बंधनकारक आहे, आणि पुतण्याची समजूत चुकीची आहे. तिथल्या दंड संहितेच्या कलम १०१६ नुसार ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखेच धरले जाईल आणि न्यायालय आपल्याला दोषी ठरवील, हे आरोपीला पूर्णपणे समजले आहे याची खात्री न्यायाधीशांनी करून घ्यायची असते. ज्युरीसमोर खटला चालवण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आपण सोडत आहोत, हेही आरोपीला ठाऊक असल्याचे नोंदीवरून दिसावे लागते. १९६९ च्या ‘बॉयकिन विरुद्ध अलाबामा’ निकालापासून हा दंडक आहे.

परदेशी नागरिकांसाठी कलम १०१६.५ अधिक महत्त्वाचे. दोषी ठरल्यास देशाबाहेर पाठवले जाणे, पुन्हा प्रवेश नाकारला जाणे किंवा नागरिकत्व न मिळणे असे परिणाम होऊ शकतात, ही ताकीद न्यायालयाने कबुली स्वीकारण्यापूर्वी द्यायची असते, आणि ती सर्वांना द्यायची असल्यामुळे आरोपीला आपला व्हिसा कोणता हे तेव्हा उघड करावे लागत नाही. प्रत्यक्षात मात्र बहुधा हातात एक छापील फॉर्म येतो, त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढच्या चौकोनात आरोपी आपली आद्याक्षरे लिहितो, आणि मग न्यायाधीश ‘वाचले का, समजले का’ असे विचारतात. घाबरलेला मुलगा सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो, हे वेगळे सांगायला नको.

वकील_सातारा:
आपल्याकडे ‘नो कॉन्टेस्ट’ हा प्रकारच नाही. समन्स खटल्यात (किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात) आरोपीने गुन्हा कबूल केल्यास ती कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २७५ सांगते. २००६ पासून लागू असलेल्या प्ली बार्गेनिंगमध्ये (शिक्षा कमी व्हावी म्हणून तडजोडीने गुन्हा कबूल करण्याच्या पद्धतीत) तर न्यायाधीश दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून आरोपीची बंद दालनात चौकशी करतात आणि त्याने अर्ज स्वखुशीने केला आहे ना, हे पाहतात. मला ही पद्धत चौकोनांपेक्षा बरी वाटते.

मुक्काम_पुणे:
आभारी आहे. परिणाम कबुलीसारखाच असेल, तर वकील हा मार्ग सुचवतात तरी कशासाठी?

जुना_वाचक:
जखमी बाईंनी उद्या भरपाईचा दावा लावला, तर तिथे फरक पडतो. ज्या गुन्ह्याला फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा होऊ शकत नाही, त्यातले ‘नो कॉन्टेस्ट’ दिवाणी दाव्यात कबुली म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पण दावाच टळतो असे समजू नये. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयात करचुकवेगिरीच्या आरोपावर हाच पवित्रा घेतला, तेव्हा न्यायाधीश हॉफमन यांनी तो गुन्हा कबूल करण्याच्या पूर्ण बरोबरीचा असल्याचे त्यांना तिथेच ऐकवले. पुढे १९८१ मध्ये मेरीलँडच्या न्यायालयाने दिवाणी दाव्यात त्यांनी घेतलेल्या लाचेची रक्कम सरकारला परत करण्याचा आदेश दिलाच.

सनीव्हेलकर:
त्यात एवढीच भर घालतो की न्यायालयाची ताकीद ‘होऊ शकते’ इथेच थांबते. पुतण्याच्या व्हिसाचे नेमके काय होईल, हे न्यायाधीश सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम वकिलांचे आहे, आणि २०१० च्या ‘पडिला विरुद्ध केंटकी’ निकालाने तसे बंधन त्यांच्यावर घातले आहे. इमिग्रेशन कायद्यात ‘नो कॉन्टेस्ट’ आणि त्यासोबत न्यायाधीशांनी दिलेली कोणतीही शिक्षा वा निर्बंध हे दोषसिद्धीतच मोडते. तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलांचे मत अजून घेतले नसेल, तर पुतण्याने फॉर्मवर आद्याक्षरे लिहिण्याआधी न्यायालयाकडे वेळ मागावा, कलम १०१६.५ नुसार विनंती केल्यास विचारासाठी वाजवी मुदत द्यावीच लागते.