रेशमावर आराशी शिबोरी: चुण्या टिकवायच्या कशा?

हळदओली
नमस्कार मंडळी. मावसबहिणीच्या रिसेप्शनला बिनबाह्यांचं, समोरून उघडं जॅकेट करायचंय. कापड आठ मोमेचं (मोमे म्हणजे रेशमाच्या वजनाचं माप) हाबोताई, दुकानात चायना सिल्क म्हणून मिळतं ते. तंत्र आराशी, म्हणजे शिबोरी या बांधून रंगवण्याच्या जपानी कलेतला एक प्रकार: कापड नळीवर तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा आवळत न्यायचा, मग सगळं एका टोकाला दाबून बसवायचं आणि रंगवायचं. सुती ओढण्यांवर जमतंय. पण इथे मला पट्ट्यांपेक्षा ती उठावदार चुणी हवीय. आमचे शिंपीकाका म्हणतात, "एकदा पाणी लागलं की सपाट." खरं का? आणि प्लंबरकडची पीव्हीसी पाइप गरम रंगात चालेल का?

काठपदर
काकांचं बरोबर आहे, पण त्यावर हातपाय गाळायचं कारण नाही. रेशमाची घडी ओलावा आणि उष्णता मिळून बसवतात आणि पाणीच ती सोडवतं. तंतूंमधले बारीक बंध ओले झाले की सुटतात, वाळताना कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात परत जुळतात. पॉलिएस्टरचं वेगळं, ते तापून मऊ होतं, गार झालं की घडी कायमची. जपानी फॅशन डिझायनर इसी मियाकेंचे १९९३ पासूनचे ते गाजलेले चुणीदार कपडे पॉलिएस्टरचे आहेत ते उगाच नाही.

पीव्हीसी नको. ती ८० अंशांच्या आसपास मऊ पडते, वर तुम्ही दोरा आवळलेला, म्हणजे पाइप वाकडी होणार. रेशमावरच्या ॲसिड रंगाला (आंबट पाण्यात चढणारा रंग) ८५–९० अंश लागतात. भंगारवाल्याकडून स्टेनलेसची नळी कापून आणा, पातेल्यात उभी बुडेल एवढीच. खळाखळा उकळू मात्र नका, रेशमाची चमक जाते.

कडा आधी दुमडून शिवा आणि त्या रेशमी दोऱ्यानेच. पॉलिएस्टरचा दोरा हा रंग पीत नाही. गडद निळ्यावर पांढरी टीप दात विचकत बसते. गुंडाळायला जाड सुती दोरा घ्या. कापड ओलं करूनच गुंडाळा आणि दोन वेढ्यांत बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतर ठेवा. एरवी आपण व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल उशिरा घालतो, रंग सगळीकडे सारखा चढावा म्हणून. इथे सुरुवातीलाच घाला. रंग चुण्यांच्या बाहेरच्या कडांवर पटकन पकडतो, आत कमी झिरपतो. आपल्याला तेच तर हवंय!

रंग झाला की नळीवरच पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अर्धा तास वाफ द्या आणि नळीवरच वाळू द्या. वरून कोरडं वाटलं तरी आतल्या थरात ओल असते. घाईने सोडलंत तर आतल्या चुण्या ढिल्या पडतात, बाहेरच्या टिकतात, आणि कापड दोन तऱ्हेचं दिसतं.

नागोयाकर
मी नागोयात राहते, आरिमात्सू इथून मेइतेत्सू रेल्वेने जवळच. जुन्या तोकाइदो रस्त्यावरचं हे गाव १६०८ मध्ये वसलं. वाटसरूंना विकायला सुती कापड बांधून रंगवायचे. आराशी त्यामानाने अलीकडची: १८८० साली इथल्याच सुझुकी कानेझो यांनी काढली. तेव्हा चार मीटरच्या आसपास लांबीचे लाकडी खांब वापरायचे. तीही मुख्यतः सुती युकातासाठी (उन्हाळी किमोनो), म्हणजे पट्टे हवे होते, चुणी नव्हे.
रेशमावरचा उठाव बघायचा तर क्योटोचं कानोको. बारीक बारीक ठिपके एकेक करून बांधलेले, आणि सोडल्यावर ते कापडावर उभे राहतात. अंगभर असलं काम इतकं खर्चिक की १६८३ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली होती. तयार कापडाला इस्त्री फिरवत नाहीत, वाफेवर हलकं ताणतात.

मोठीबाई
राजस्थानचा लहरिया याच कुळातला की! फेट्याचं कापड ओलं करून तिरकं गुंडाळतात, ठरावीक अंतराने दोऱ्याने बांधतात. नळीबिळी काही नाही.

हळदओली
काठपदरताई, आभार. पण मग बेतायचं कधी? चुण्या पाडल्यावर कात्री लावायला हात धजत नाही.

काठपदर
आधीच बेता, आणि सरळ आयतच ठेवा. पाठीचा एक, पुढचे दोन, टक्स नकोत. मोजमापासाठी त्याच कापडाची एक पट्टी पूर्ण करून बघा, किती आकसते ते कळेल. माझ्याकडे आठ मोमेचं कापड जवळपास निम्मं होतं, पण तुमचा हात किती आवळतो त्यावर आहे. खांदा आणि गळा या दोनच जागी आतून बिनचुण्यांच्या रेशमाची पट्टी लावा, नाहीतर वजनाने तिथेच ओघळतं.

ठेवताना हँगरला लावू नका, पिळून गाठोडं करून ठेवा. कधी धुवावंच लागलं तर ओलं असताना दोरखंडासारखा पीळ देऊन बांधा आणि तसंच पूर्ण वाळवा. पहिल्यासारखी रेखीव चुणी येत नाही, पण सुरकुत्या छान येतात. ड्रायक्लीनला दिलंत तर "इस्त्री व वाफ नको" असं कापडावरच चिठ्ठी टाचून द्या. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

हळदओली
रेशमी दोरा सुटा कुठे मिळेल? इथे सगळे भरतकामाची रेयॉनची लडी काढून देतात.

काठपदर
येवल्याला कुणी ओळखीचं असेल तर पैठणीवाल्यांकडून एखादी लडी मागवा. घेण्याआधी एक टोक जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर रेयॉन.