रंग काढून टाकणे म्हणजे कृष्णधवल नव्हे

रंगीत छायाचित्र कृष्णधवल करायचे तर ‘सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर नेले की झाले, निराळी साधने कशाला’ असे एक मत मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोर टिपलेल्या छायाचित्रावर मी तोच प्रयोग केला, तेव्हा लाल गुलाल आणि हिरवा रंग एकाच राखाडी छटेत विरघळून गेले. फोटोशॉपमधील ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा चित्रातील प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांपैकी (प्रत्येकी ० ते २५५) सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मूल्याची केवळ सरासरी काढते. त्यामुळे आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत गडद दिसत असला, तरी शुद्ध लाल, हिरवा व निळा हे तिन्ही १२८ या एकाच मूल्यावर येऊन थांबतात. रंगांवरून उजळपणा काढण्याच्या दूरचित्रवाणीच्या जुन्या सूत्रात लालला सुमारे ३०, हिरव्याला ५९ व निळ्याला ११ टक्के वजन दिलेले आहे, ते डोळ्यांना जाणवणाऱ्या याच फरकामुळे.

मी स्वतः चॅनल मिक्सर, म्हणजे राखाडी छटेत लाल, हिरवा व निळा यांचा वाटा किती हे ठरवू देणारे साधन, वापरतो, आणि तो गिंप या चित्रसंपादन प्रणालीत विनामूल्य मिळतो. लाल वाढवून निळा घटवला, की आकाश गडद होते व गुलाल उजळतो. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल फिल्टर लावून हेच साधत असत. मात्र चेहरे जवळून घेतले असतील, तर ओठ फिके पडतात, तेव्हा हात आखडता घ्यावा. निळा फार ओढल्यास जेपेगमधील आकाशात पट्टे उमटतात, म्हणून शक्यतो रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलवर) काम करावे.