पाण्यात की पाण्यावर? ‘डिचिंग’ला मराठीत काय म्हणायचं

धंतोली (मूळ प्रश्न)

माझी भाची एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून लागली. प्रशिक्षण आटोपून पोळ्याला नागपूरला आली. जेवणं झाल्यावर म्हणाली, “मामा, डिचिंगला मराठीत काय म्हणतात? आजीला सांगायला बसते तर शब्दच सापडत नाही.” मी आयुष्यभर मराठी शिकवली, तरी मलाही पटकन सांगता आलं नाही. चार दिवस डोक्यात तेच आहे, म्हणून इथे मांडतो.

डिचिंग म्हणजे धावपट्टी गाठणं शक्य नसताना, विमान अजून ताब्यात असताना, वैमानिकानं ते जाणूनबुजून पाण्यावर आणणं. पहिल्यांदा माझ्या तोंडात आला तो ‘जलावतरण’. फोड केली तर अगदी बरोबर. पण हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या घरी नांदतो. माझगाव गोदीत नवी युद्धनौका पहिल्यांदा पाण्यात सोडतात, पूजा होते, त्याला आपण जलावतरण म्हणतो. तो सोहळ्याचा शब्द आहे. इंजिनं बंद पडलेल्या विमानाच्या बातमीत तो आला तर वाचणारा क्षणभर भलतंच समजेल.

दुसरा ‘जलसमाधी’. तो बुडाल्याचा शब्द. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये कॅप्टन सलनबर्गर आणि सहवैमानिक स्काइल्स यांनी एअरबस ए-३२० हडसन नदीवर उतरवलं आणि आतले १५५ च्या १५५ लोक जिवंत बाहेर आले. त्या प्रसंगाला जलसमाधी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विचार करता करता वाटलं, नाम शोधत बसण्याआधी आपली क्रियापदं काय सांगतात ते पाहावं. विमान पाण्यात कोसळलं. विमान पाण्यावर उतरलं. विमान पाण्यावर उतरवलं. या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि मराठीला त्या सांगायला एकही जादा शब्द लागलेला नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. तिथे ‘पाण्यात’ आणि ‘कोसळलं’. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमतीवर सी-प्लेन आलं, ते पाण्यावर उतरलं, कारण ते त्याच्यासाठीच बनवलेलं होतं. हडसनवरचं विमान मात्र उतरवावं लागलं. ‘उतरलं’ आणि ‘उतरवलं’ यांत एका ‘व’चा फरक, पण त्या ‘व’मध्ये वैमानिकाचे दोन्ही हात आहेत. ‘पाण्यात’ म्हटलं की विमान आत गेलं. ‘पाण्यावर’ म्हटलं की ते निदान काही मिनिटं तरंगलं, आणि क्रूला जे करायचं ते त्याच मिनिटांत करायचं असतं.

एक शब्द मात्र मला माझ्या आईकडून मिळाला, वय ८१. तिनं नातीला विचारलं, “पाण्यावर आणतात तं चाकं कुठं टेकवतात व पोरी?” भाची म्हणाली, “आजी, चाकं बाहेर काढतच नाहीत.” चाकं खाली असली तर आधी तीच पाण्यात अडकतात आणि विमान नाकावर आपटतं. म्हणून चाकं पोटात ठेवायची, पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बाहेर काढून वेग जमेल तितका कमी करायचा, नाक किंचित वर, दोन्ही पंख एका पातळीत. एक पंख जरी आधी लागला तरी विमान गरकन फिरतं. समुद्र असेल तर लाटांना आडवं जायचं नाही, लाटांच्या रांगांना समांतर उतरायचं. आई सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे पाण्याले पोट टेकवतात.” मला तरी याहून नेमकं वर्णन सुचलं नाही.

माझा प्रस्ताव असा: बोलताना ‘पाण्यावर उतरवणं’, आणि नाम हवंच असेल तर ‘जल-उतराई’. दुसऱ्याची मला स्वतःलाच खात्री नाही, उतराई म्हटलं की उपकाराची फेड आठवते. तुम्हाला काय वाटतं?


सोनेगाव

सर, मी विमानतळावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझं मत, डिचिंग हा शब्द आहे तसाच राहू द्या. रेडिओवरचे ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक), ‘डिचिंग’ आणि केबिनमध्ये ओरडायचा ‘ब्रेस’ (आदळण्याआधी वाकून घट्ट बसा) हे शब्द ठरलेले असतात. जगात कुठल्याही वैमानिकाला, कुठल्याही टॉवरला ते एकसारखेच कळले पाहिजेत. कॉकपिटमधल्या शब्दांना हात लावू नये.

आणखी एक. आपल्याकडे लोक म्हणतात, नागपूरला समुद्र कुठे आहे? नागपूर-पुणे विमानाला समुद्र लागत नाही हे खरं. पण शारजाच्या विमानाला अरबी समुद्र ओलांडावा लागतो. मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण केलं की जुहूनंतर खाली पाणीच असतं. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साधारण ९३ किलोमीटर, जाणाऱ्या विमानात प्रत्येक माणसासाठी लाइफ जॅकेट लागतं. त्याहून बरंच लांब जायचं तर राफ्टही, म्हणजे फुगवून पाण्यावर सोडायचे आणि माणसांनी बसून तरंगायचे साधन, लागतात.


बर्डी

‘डिच’चा कोशातला अर्थ चर, खंदक. आपल्या नागपुरी बोलीत सरळ नाली. वैमानिक आपसांत समुद्रालाच ‘डिच’ म्हणायचे, त्यातून हे क्रियापद आलं. पण आजच्या पोरांच्या तोंडी ‘त्यानं मला डिच केलं’ म्हणजे धोका दिला, ऐनवेळी सोडून गेला. घरी आईबाबांना ‘आमचं डिचिंगचं ट्रेनिंग झालं’ असं सांगितलं तर त्यांनी काय समजायचं? म्हणून घरात बोलायला मराठी शब्द हवाच. ‘उतराई’ नको, ते तुम्हीच सांगितलं. ‘पाण्यावर उतरवणं’ला माझं मत.

माझा प्रश्न वेगळा आहे. लाइफ जॅकेटच्या सूचनेत मराठीत काय म्हणावं, ‘विमानातून बाहेर पडताना फुगवा’ की ‘बाहेर पडल्यावर फुगवा’?


धंतोली

सोनेगावच्या दादांचं म्हणणं मान्य. कॉकपिटमध्ये डिचिंगच, घरात आणि बातमीत मराठी.

बर्डीचा प्रश्न मात्र जिवाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भाचीनं त्या रात्री दिवाणावर बसून उशीनं दाखवलं. उशी डोक्यातून घातल्यासारखी गळ्यात, ओढणीचा पट्टा कमरेभोवती आवळला, समोर लाल टॅब आहे असं धरून दोन्ही हातांनी तो खाली ओढला. टॅब ओढला की छोट्या नळकांड्यातला वायू सुटून जॅकेट भरतं. नाही भरलं तर खांद्याजवळच्या नळीत तोंडानं फुंकायचं. पाणी लागलं की दिवा आपोआप लागतो, शिट्टी बांधलेलीच असते. हे सगळं दाखवून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “पण मामा, खुर्चीवर बसून टॅब ओढायचा नाही. आम्हाला हेच सगळ्यात जास्त घोकवलंय.”

का, ते २३ नोव्हेंबर १९९६ ला कोमोरोस बेटांजवळ दिसलं. अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ इंधन संपून किनाऱ्याजवळच्या समुद्रावर आलं. डावी बाजू आधी लागली आणि विमान तुटलं. १७५ पैकी ५० जण वाचले. पाण्यावर येण्याआधीच अनेकांनी जॅकेट आत बसल्या बसल्या फुगवली होती. आत पाणी चढतं तेव्हा फुगलेलं जॅकेट माणसाला छताकडे उचलून धरतं. दार खाली, पाण्याखाली राहतं, आणि बुडी मारून तिथवर जाता येत नाही.

आता व्याकरण. ‘बाहेर पडताना’मध्ये ‘-ताना’ सैल आहे. जागेवरून उठलेला माणूससुद्धा ‘मी बाहेरच पडतोय’ असं समजतो आणि टॅब ओढतो. ‘बाहेर पडल्यावर’ नेमकं आहे, पण उशिराचं: पाण्यात उडी मारून झाल्यावर, थंडीनं बोटं आखडल्यावर टॅब शोधायचा का? म्हणून दोन्ही नको. ‘दारात आल्यावर फुगवा.’ दार ही जागा आहे, माणसाला डोळ्यांनी दिसते. भाचीनं हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं.


रामटेक

‘ब्रेस’ला काय? मला ‘सावरून बसा’ सुचलं.


धंतोली

‘सावरून बसा’ आपण बसचा ड्रायव्हर ब्रेक मारणार असेल तेव्हा म्हणतो. अर्थ जवळचा आहे, पण ओरडून पाहा, लांबतं. हडसनवर कॅप्टननं केबिनला एवढंच सांगितलं की आदळायला तयार राहा. पक्ष्यांचा थवा इंजिनांत शिरल्यापासून पाण्यावर येईपर्यंत जेमतेम साडेतीन मिनिटं. विमान पाण्यावर जातंय हे केबिनमधल्या क्रूला ठाऊकच नव्हतं. तरी तिघी जणी एका सुरात ओरडत राहिल्या: ब्रेस, ब्रेस, डोकी खाली, खालीच राहा. असं ओरडायचं तर शब्द एका श्वासात मावले पाहिजेत. मराठीत ‘वाका! डोकं खाली!’ मावतं.

पुढचंही सांगतो. थांबल्यावर दार लगेच उघडत नाहीत. आधी काचेतून बाहेर पाणी कुठवर आहे ते पाहतात. हडसनवर विमानाची शेपूट खाली बसली होती, मागचं दार थोडंसं उघडलं गेलं आणि तिथून पाणी आत आलं, मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. म्हणून बाहेर न पाहता दाराला हात लावायचा नाही.

वेळ मिळाला तर चित्र वेगळं असतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पॅन ॲमचं विमान इंजिनं बिघडल्यावर तटरक्षक दलाच्या जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन ऑग यांनी शेपटीकडच्या लोकांना पुढे बसवलं, कारण पाण्यावर येताना शेपूट तुटते हे आधीच्या अपघातात दिसलं होतं. खरोखरच शेपूट तुटली. ३१ च्या ३१ जण वाचले. याला ‘ठरवून पाण्यावर उतरवणं’ म्हणू, हडसनला ‘अवचित’.

आणि हे सगळं ऐकल्यावर ‘हवाई सुंदरी’ हा शब्द मी सोडला. अर्धी दारं बंद धरून ९० सेकंदांत माणसं बाहेर काढता येतात हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला परवानगी मिळत नाही. ती माणसं बाहेर काढणारी हीच मुलं-मुली. केबिन क्रू म्हणा, विमानसेवक म्हणा.


अलिबाग

विदर्भातल्या धाग्यात कोकणातून एक भर. २८ जून २०२२ ला मुंबई हायजवळ तेलविहिरीवर जाणारं हेलिकॉप्टर समुद्रावर उतरवावं लागलं. त्याला फ्लोट, म्हणजे तरंगत ठेवणारे फुगे, होते, तरी ९ पैकी ४ जण गेले. म्हणून ‘उतरवलं’ला ‘सुखरूप’ आपोआप जोडू नये. ‘सुखरूप’ माणसांची मोजदाद झाल्यावर.


धंतोली

हे फार महत्त्वाचं. माझ्याही डोक्यात ‘उतरवलं’ म्हणजे वाचले असंच बसत चाललं होतं. आता ‘राफ्ट’ उरला. मी ‘तराफा’ म्हणतो.


भंडारा

तराफा चालेल, पण सांभाळून. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडालं, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्यालाही तराफाच म्हटलं होतं. ते तर माणसं राहायची मोठी नौका होती. आमच्या तलावांवर ढीवर लोक चालवतात तो डोंगा, त्याला टोक असतं आणि वल्हवणारा असतो. विमानाच्या दाराला जी घसरपट्टी फुगते, तीच सुटी करून पाण्यावर सोडतात ना? तिला ना टोक, ना वल्हवणारा. फक्त धरून बसायचं. मग तो तराफाच. ‘फुगता तराफा’ म्हटलं की बार्जशी घोळ होणार नाही.


धंतोली

फुगता तराफा. भाचीला आत्ताच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मामा, आमच्या पोहण्याच्या तलावातल्या सरावात तो उलटा पडला होता, चौघींनी पट्टा धरून पालथ्याचा उलथा केला.” पालथ्याचा उलथा. हाही वहीत टिपून घेतला.