कॉर्न स्नेकच्या अंगाला चिकटपट्टी चिकटली आहे, कशी सोडवू? (तातडीने सल्ला हवा)

पाऊसवेडी (शनिवार, रात्र)
नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असतो. लेकाचा दीड वर्षाचा कॉर्न स्नेक (इकडे घरी पाळतात तो बिनविषारी साप) आहे, नाव मक्या, लांबी ७५ सेंमीच्या आसपास. टाकीतल्या थर्मामीटरची वायर आतून पॅकिंगच्या टेपने लावली होती. आज बघते तर टेप काचेवरून सुटून मक्याच्या अंगाला. डोक्यामागे चार बोटं सोडून सुरू होते, पाठीवरून कुशीवर येते आणि थोडी पोटाखाली गेली आहे. एक टोक धरून हलकंसं ओढलं तर खवलाच वर यायला लागला. घाबरून सोडून दिलं. आमचा नेहमीचा व्हेट सोमवारी उघडेल. टेप लेकानेच लावली होती, तो रडून रडून झोपला. कुणी हे केलं आहे का?

चांदोबा७
आमच्याकडे दारावरच्या टेपचा चिकटा रॉकेलने सहज जातो. नेलपॉलिश रिमूव्हरनेही जातो. कापसाने थोडंसं लावून बघा.

रानवाटा
ताई, कृपा करून यातलं काहीही लावू नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट, रिमूव्हर, आणि तिकडे बाटलीत मिळतात ते संत्र्याच्या वासाचे डाग काढायचे द्रवसुद्धा नकोत. कातडी भाजते, आणि वाफ त्या एवढ्याशा जिवाच्या फुफ्फुसात जाते. चांदोबा, दाराला पुन्हा रंग देता येतो हो, याला नाही देता येत.

मी साप पाळत नाही. आपल्याकडे धामण, नाग, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. पण कोल्हापूरकडे साप सोडवायचं काम करतो, आणि उंदरांच्या चिकट पॅडवर अडकलेल्या धामणी बऱ्याच सोडवल्या आहेत. तिथे एकच औषध चालतं, स्वयंपाकाचं साधं तेल.

आधी एवढं सांगा:
नाकपुड्या, तोंड, डोळे मोकळे आहेत ना?
पट्टीने अंगाला पूर्ण वेढा घातला आहे का?
शेवटचं कधी खाल्लं?
डोळे दुधी-निळसर दिसतात का?

पाऊसवेडी
डोकं पूर्ण मोकळं. वेढा नाही, अर्ध्याहून थोडं जास्त. गुरुवारी उंदराचं पिल्लू खाल्लं. आणि डोळे... तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च लावून पाहिले, खरंच धुरकट आहेत. रंगही दोन दिवसांपासून मळकट वाटतोय.

रानवाटा
म्हणजे कात येते आहे. हे जरा नाजूक प्रकरण. तेल लावून आज रात्रीच सगळी काढून टाकावी असं माझं मत, पण @सालई पक्ष्यांवर आणि कासवांवर उपचार करतात, त्यांनी सांगावं.

सालई
मी पुण्यात पशुवैद्य आहे. फोटो न पाहता सांगते आहे, हे लक्षात ठेवा.

डोळे धुरकट होतात तेव्हा जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठलेला असतो आणि खालची कातडी अजून कच्ची असते. आत्ता जोर लावला तर पट्टीबरोबर जुनी कात फाटेल, कदाचित खालचीही सोलली जाईल. म्हणून सगळी आजच निघाली पाहिजे हा हट्ट नको. रानवाटांचे रुग्ण पॅडला जखडलेले असतात, त्यांना थांबता येत नाही. मक्याला येतं, कारण त्याचा श्वास मोकळा आहे. पट्टीने अंग आवळलं असतं तर मी हे म्हटलं नसतं. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, बरगड्यांच्या स्नायूंवर श्वास चालतो, त्यामुळे घट्ट वेढा म्हणजे रात्रीच दवाखाना. तुमच्याजवळ रॅलीला नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचं पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तिथे अशा प्राण्यांचा वेगळा विभाग आहे. नंबर आत्ताच काढून ठेवा.

आज एवढंच करा. एकाने साप दोन्ही हातांवर सैल तोलायचा, आवळायचं नाही. दुसऱ्याने इअरबड तेलात बुडवून पट्टीच्या कडेला लावायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. तेल आत मुरलं की कड आपणहून सैल होते. मग पट्टी डोक्याकडून शेपटीकडे, अंगाला जवळजवळ चिकटून मागे दुमडत न्यायची. खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, शेपटीकडून डोक्याकडे ओढलं की ते उलटतात. मघाशी तुमचा खवला वर आला तो बहुतेक याचमुळे. सरळ वर खेचायचंही नाही. जिथे अडेल तिथे पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. तरीही कातडी ताणली जाताना दिसली तर तिथेच सोडा.

पाऊसवेडी
घरात खोबरेल आहे आणि ऑलिव्ह.

सालई
ऑलिव्ह घ्या, खोबरेल गारठ्यात थिजतं. निलगिरी किंवा कापूर घातलेलं कुठलंही तेल नको. डोळे, नाक, तोंड यांच्याजवळ थेंबही जाऊ देऊ नका. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर बदलतो. परवाच खाल्लं आहे, त्यामुळे पोटाचा भाग अजिबात दाबू नका, नाहीतर उलटी करेल. अर्ध्या तासाहून जास्त धरून ठेवू नका.

पाऊसवेडी (रविवार, पहाट)
अर्ध्या तासात पाठीवरची पूर्ण आणि कुशीवरची बरीचशी निघाली. पोटाखाली दोन बोटं राहिली, तिथे कातडी ताणली जात होती, सोडून दिली. मक्या शांत होता, माझेच हात थरथरत होते. आता?

रानवाटा
छान केलंत. सुटलेलं टोक बोथट कात्रीने अंगापासून दूर धरून कापा. राहिलेल्या पट्टीच्या उघड्या कडेला तेलाचं बोट फिरवा, म्हणजे ती आणखी कशाला चिकटणार नाही. टाकीतला भुसा काढून साधे कागदी टॉवेल अंथरा.

सालई
आणि एक लपायची जागा ओलसर ठेवा, डब्यात ओला केलेला कागदी टॉवेल पुरे. कात सुटी होण्याआधी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर चारपाच दिवसांत टाकेल. पट्टी बहुतेक कातेबरोबरच येईल. खायला आता कात टाकल्यावरच द्या.

कौलारू
कुठे सोललं गेलं तर हळद लावली तर चालेल का?

सालई
नको, पूड जखमेवर थापली की खाली काय चाललंय ते दिसत नाही. पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून टिपायचं आणि व्हेटला दाखवायचं. माणसांची वेदनाशामक मलमं तर मुळीच नकोत.

पाऊसवेडी (नंतरच्या आठवड्यातला सोमवार)
काल रात्री मक्याने कात टाकली! पट्टीपाशी तेवढी अडकून बारीक कडं राहिलं होतं. कोमट पाण्यात, मनगटाला गरम लागणार नाही इतपत, पोटाला लागेल एवढ्याच उंचीच्या, वीस मिनिटं ठेवला. ओल्या टॉवेलमधून स्वतःच सरकत बाहेर आला आणि कडं आत राहिलं, पट्टीसकट. उरलेलं तेल पातळ साबणाच्या पाण्याने पुसून काढलं. पोटाचे दोन खवले थोडे खरबरीत दिसतात, रक्त नाही. सकाळी व्हेटने पाहिलं, पुढच्या दोनतीन कातींत सारखे होतील म्हणाली. लेकाने ती कात वहीत चिकटवून ठेवली आहे, डिंकाने.

गिरकी
वाचून जीव भांड्यात पडला. वायरसाठी आता टाकीच्या बाहेरून केबल टाय आणि आत रबरी सक्शन कप वापरा. आमच्या बॉल पायथनच्या टाकीत सहा वर्षं तेच आहे. तापमान दाखवणाऱ्या चिकट पट्ट्याही आतून लावू नका, ऊब लागली की त्यांचा डिंक सुटतो.

पाऊसवेडी
आजच मागवते. सालईताई, खायला कधी देऊ?

सालई
दोन दिवसांनी, नेहमीपेक्षा एक आकार लहान. नाही घेतलं तर आठवडाभर थांबून पुन्हा द्या.