लाइफ ६० टक्के ठेवा की ५०, फरकच पडत नाही. मग हँडिकॅप ठरवायचा कसा?

काठीवाला
एकाच कन्सोलवर दोघं फायटिंग गेम (समोरासमोर मारामारीचा खेळ) खेळतात. एकाला कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) तोंडपाठ, दुसऱ्याला ब्लॉक, उडी, दोन स्पेशल (पात्राचे खास फटके) आणि एक छोटा कॉम्बो एवढंच येतं. हँडिकॅपशिवाय, म्हणजे मुरलेल्याला मुद्दाम तोटा दिल्याशिवाय, सामना एकतर्फी होतो. मुरलेल्याची लाइफ (जीवाची पट्टी) ६० टक्के केली, मग ५० केली, काही जाणवलं नाही. ४० केल्यावर मात्र पारडं एकदम दुसरीकडे झुकलं, आणि त्याखाली गेलं की मुरलेला सुरुवातीलाच काहीतरी जास्तीचं हत्यार काढतो. आकडा ठरवायची काही पद्धत आहे का? आणि लाइफ सोडून दुसरा मार्ग?

फ्रेम_मोजणी
टक्के बघू नका, संधी मोजा. संधी म्हणजे समोरचा चुकला आणि तुम्हाला एक पूर्ण कॉम्बो मिळाला.

स्ट्रीट फायटर ६ घ्या. बहुतेक पात्रांची लाइफ १०,००० आहे. समजा मुरलेल्याचा नेहमीचा कॉम्बो ३,००० डॅमेजचा (लाइफमधून तेवढे कमी करणारा) आणि नवख्याचा १,५०० चा. मुरलेल्याला जिंकायला ४ संधी लागतात, नवख्याला ७. आता मुरलेल्याची लाइफ कमी करत चला:

७० टक्के: नवख्याला ५ संधी
६० टक्के: ४
५० टक्के: तरीही ४ (३ कॉम्बोंनंतर ५०० उरतात)
४० टक्के: ३
३० टक्के: २

तुमचं कोडं इथेच सुटतं. डॅमेज गठ्ठ्याने येतो, त्यामुळे ४,५०० च्या वर आणि ६,००० पर्यंत कुठेही ठेवा, मरायला ४ कॉम्बोच लागणार. सुटे जॅब (हलके ठोसे) आणि चिप डॅमेज (ब्लॉक करूनही लागणारा थोडा मार) यामुळे पायऱ्यांच्या कडा थोड्या बोथट होतात, पण पायऱ्या राहतातच. म्हणून आधी ट्रेनिंग मोडमध्ये नवख्याला जो कॉम्बो खरोखर लागतो त्याचा डॅमेज बघा आणि लाइफ त्याच्या पटीत ठेवा. बोटांना न जमणारा मोठा कॉम्बो हिशेबात धरायचा नाही.

दोघांनाही ४ संधी लागल्या म्हणजे बरोबरी झाली, असंही नाही. मुरलेला संधी निर्माण पण जास्त करतो. नवख्याच्या २ संधींमागे त्याला ३ मिळत असतील, तर त्याच्या ४ ला नवख्याचे ३ पुरायला हवेत, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला तिथेच पारडं झुकताना दिसलं, ते उगाच नाही.

त्याखालचं हत्यार म्हणजे कमबॅकची सोय. स्ट्रीट फायटर ६ मध्ये लाइफ २५ टक्के किंवा कमी झाली की तिसऱ्या लेव्हलचा सुपर आर्ट (सगळ्यात मोठा खास हल्ला) क्रिटिकल आर्ट होतो आणि जास्त लागतो. टेक्कनमध्ये लाइफ कमी झाली की रेज चालू होतो, म्हणजे फटके जास्त लागतात. गिल्टी गियरमध्ये ‘गट्स’ आहे: लाइफ जितकी कमी, तितका पुढचा फटका कमी लागतो, म्हणजे कापलेली लाइफ दिसते त्यापेक्षा टिकाऊ निघते. गेम हे टक्के मूळ पट्टीवर मोजत असेल, तर कापलेल्या लाइफने सुरुवात करणाऱ्याला ही बक्षिसं आयती मिळतात. राउंड सुरू होताच पट्टीकडे बघा. चमक किंवा रंग आधीच बदललेला असेल तर एक पायरी वर या.

उडी_लाथ
गणित बरोबर आहे, पण मी तरी लाइफला हातच लावणार नाही. राउंड द्या. लाइफ कापली की खेळच बदलतो. राउंड दिला तर प्रत्येक राउंड पूर्ण आणि खरा राहतो, आणि नवख्याला आपण लिंबूटिंबू आहोत असं वाटत नाही.

मुरलेला सरासरी ७० टक्के राउंड जिंकत असेल, तर तीनपैकी दोनच्या सामन्यात तो सुमारे ७८ टक्के वेळा जिंकतो. पाचपैकी तीन केलं तर ८४. सामना लांबला की दरी वाढते, त्यामुळे नुसते सामने छोटे ठेवणं हाही एक हँडिकॅपच. आता त्याला २ राउंड हवेत आणि नवख्याला १ पुरेल, असा नियम करा: ०.७ × ०.७ = ४९ टक्के. जवळजवळ नाणेफेक. राउंडमागे ८० टक्के असेल तर त्याला ३ आणि नवख्याला १: ५१ टक्के. ६० टक्के असेल तर ३ विरुद्ध २: साधारण ४८.

टक्केवारीसाठी हँडिकॅपशिवाय २० राउंड खेळा. १४ आले तर ७०, पण इतक्या कमी राउंडांत १० टक्के इकडेतिकडे सहज होतं, म्हणून पुढे हलवत राहा: एकाच बाजूने सलग दोन सामने मारले की एक राउंड कमी किंवा जास्त. स्मॅश ब्रदर्सच्या जुन्या भागांतला ‘ऑटो’ हँडिकॅप निकाल बघून हेच करायचा.

आणि पहिला राउंड नुसतं उभं राहून सोडू नका. मार देताना आणि बहुतेक गेममध्ये मार खातानाही मीटर (सुपरसाठी साठणारी शक्ती) भरतं, आणि अनेक गेममध्ये ते पुढच्या राउंडला तसंच जातं. सेटिंगमध्ये राउंडची संख्या १ करा आणि गुण कागदावर मांडा.

थ्रो_टेक
दोघांशी सहमत, फक्त एक भर: ‘थ्रो (पकडून आपटणं, ब्लॉकने अडत नाही) मारायचा नाही’ असले तोंडी नियम लावू नका. थ्रो बंद म्हणजे बसून ब्लॉक करणं फुकट. नवखा तेच शिकतो आणि बाहेर कुणीही त्याला उचलून आपटतो. बंधन घालायचंच तर मुरलेल्याच्या कॉम्बोवर घाला, जास्तीत जास्त ३ फटके, सुपर नाही. डॅमेज घटतो, पण नवख्याला थ्रो, ओव्हरहेड (बसून ब्लॉक केला तर लागणारे फटके), खालचे फटके सगळं ओळखावंच लागतं.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये नवख्याला मॉडर्न कंट्रोल (बटणांची सोपी पद्धत) द्या. एका बटणाच्या स्पेशलला २० टक्के डॅमेज कमी आहे, पण उडी मारून येणाऱ्याला वेळेवर पाडता येतं, आणि नवख्यांचे निम्मे राउंड तिथेच जातात. डायनॅमिक देऊ नका, त्यात कोणता फटका मारायचा हे गेमच ठरवतो. टेक्कन ८ मध्ये त्याच कामाला स्पेशल स्टाइल आहे, सामना चालू असतानाही बदलता येते.

काठीवाला
राउंडची पद्धत लावून बघतो. लाइफ न कापता नवख्याचा डॅमेज वाढवला तर? आणि स्मॅश अल्टिमेटमध्ये मुरलेल्याला १०० टक्क्यांपासून सुरू केलं तर चालेल?

फ्रेम_मोजणी
डॅमेज दुप्पट करणं आणि समोरच्याची लाइफ निम्मी करणं, संधींच्या हिशेबात एकच. एक फायदा मात्र आहे: मुरलेला भरलेल्या पट्टीने सुरू करतो, त्यामुळे कमबॅकच्या सोयी पहिल्या क्षणी पेटत नाहीत. तोटा असा की नवख्याचा एकच सुपर अर्धा राउंड खाऊन टाकतो, आणि तो बाकी सगळं सोडून त्याच्याच मागे लागतो.

स्मॅशमध्ये १०० टक्के नको. तिथे टक्के म्हणजे खाल्लेला मार: ० पासून वर चढतात, आणि जितके जास्त तितके तुम्ही लांब फेकले जाता. तिथे ३५ टक्क्यांपासून रेज सुरू होतो आणि १५० पर्यंत वाढत जातो, म्हणजे मुरलेल्याचे फटके समोरच्याला आणखी लांब फेकणार. शिवाय १०० ला एक स्मॅश अटॅक बसला की खेळ खलास, नवख्याला कॉम्बो शिकायला वावच नाही. ३ स्टॉकचा (स्टॉक म्हणजे एक जीव) सामना लावा आणि मुरलेल्याने सुरुवातीलाच स्टेजवरून उडी मारून एक स्टॉक सोडावा. परत येईल तेव्हा तो ० टक्क्यांवर असेल. फक्त थोड्या वेळासाठी त्याला मार लागत नाही, तेवढं संपेपर्यंत हल्ला करायचा नाही असं आधी ठरवून घ्या.