थंडावा आणि फेस, दोन्ही एकाच खड्यातून?
कोरडा बर्फ (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू) सरबतात टाकला तर ते गारही होईल आणि सोड्यासारखं फसफसेलही, असं कुणीतरी लिहिलंय. गार होईल हे खरं. फसफसण्याबद्दल मात्र माझा अनुभव निराशेचा आहे: धूर भरपूर, चव जेमतेम झिणझिणीत.

हिशेब करून पाहिला तेव्हा कारण कळलं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण १३० ग्रॅम कोरडा बर्फ लागतो आणि त्यातून सुमारे ७० लिटर वायू सुटतो. बाजारातल्या शीतपेयात लिटरमागे विरघळलेला असतो जेमतेम ७ ग्रॅम! म्हणजे बाकी सगळा हवेत. उघड्या भांड्यात अगदी शून्य अंशालासुद्धा साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेरच विरघळतो, कारण किती वायू मुरेल ते दाबावर ठरतं. हा हेन्रीचा नियम, १८०३ सालचा.

मग झाकण लावून दाब वाढवू, असं कुणाच्या डोक्यात येईल. कृपा करून नको! बाटली फुटते, आणि काच असेल तर डोळ्यांवरच बेतायचं. पेय आधी फ्रिजमध्ये गार करा, मग दाब नियंत्रित करणाऱ्या सोडा मशीनने वायू भरा. गार पाण्यात तो जास्त मुरतो.

धुराच्या हौसेसाठी खडा टाकलाच, तर तो पूर्ण विरेपर्यंत ग्लास तोंडाला लावू नका (उणे ७८ अंश, जीभ भाजते) आणि खिडक्या उघड्या ठेवा.